मुक्ताईचं सध्याचं ठिकाण

लोखंडे साहेबांनी आधी माझ्या होडीच्या कडेवरून वाकून उलटी केली आणि मग मला तिसरी ताकीद दिली.

"माफ करा काका," रुमालानं तोंड पुसत ते म्हणाले. जालन्याकडचा मुलगा. सागरी गस्तीत येऊन सहा महिने झाले होते, पण समुद्र काही अजून त्याच्या पोटाला मानवला नव्हता. "नंबर दाखवा."

"आणखी काय दाखवू? वीतभर उंचीचा लिहिलाय. डाव्या अंगाला, उजव्या अंगाला. पांढऱ्यावर काळा. तुमच्याच पट्टीनं मोजून."

"५०९३ दिसतोय. २१७७ कुठाय?"

"तो ह्या होडीचा नाही."

"पाण्यात तर आहे." त्यांनी हातातल्या यंत्राचा पडदा माझ्यापुढे धरला. त्यावर दोन्ही नंबर हिरव्या अक्षरांत झळकत होते. "पाण्यात दोन आणि अंगावर एक. म्हणजे दुसरा लपवलाय, असं धरतात काका. बाहेरचे ट्रॉलर हेच करतात."

"अहो, ही जनाई! वीस हाताची होडी. हिच्यात मी लपवणार काय? जेवणाचा डबा ठेवायला जागा नाही!"

"मी काय करू सांगा ना. यंत्र दाखवतंय."

"मागच्या वेळी हेच सांगितलं. तेव्हा दुसरे साहेब होते. त्याच्या आधी तिसरे. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतो. आमच्या बुवांना एकच आख्यान रोज लावायला सांगितलं तर तेसुद्धा वीणा ठेवून घरी जातील."

लोखंडे साहेब ओशाळं हसले. मग पुन्हा पांढरेफटक पडले, पुन्हा वाकले. त्यानंतर नियमाप्रमाणे त्यांनी जनाईला दोर लावून धक्क्यावर ओढत आणलं, पिवळी साखळी घातली आणि मला सांगितलं की सोमवारपर्यंत खुलासा मान्य झाला नाही तर ५०९३ कायमचा जाईल. तो गुरुवार होता. नंबर गेला की समुद्र गेला. पंचेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं काय येतं? जाळं येतं आणि कीर्तनात बुवांच्या मागे उभं राहून झांज वाजवता येते.

हा पाण्यातला नंबर काय प्रकार आहे ते आधी सांगतो. बुवा पूर्वरंगात अवघड गोष्ट मांडतात आणि लगेच दृष्टान्त देतात, तसं.

प्राण्यांच्या पेशीत डीएनएचा धागा असतो. चार अक्षरांची लिपी, तीच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या क्रमानं. असा धागा आता प्रयोगशाळेत हवा तसा विणता येतो, त्यामुळे त्या चार अक्षरांत होडीचा नंबर लिहिता येतो. हा धागा काचेसारख्या कुपीत बंद करतात. कुपी किती लहान? केसाच्या रुंदीत सातआठशे ओळीनं बसतील. अशा अब्जावधी कुप्या रंगाच्या डब्यात घालतात. ह्याला म्हणतात खूणरंग. प्रत्येक होडीला तिच्या नंबराचा डबा खात्याकडून मिळतो आणि पाण्याखाली बुडणाऱ्या भागावर तो लावायचाच असतो. लाटांच्या घासण्यानं कुप्या हळूहळू सुटत राहतात. गस्तीच्या बोटीला पुढे एक नळी असते. ती पाणी ओढते, गाळते, कुप्या फोडते, आतल्या धाग्याच्या लाखो नकला काढते आणि वाचते. अकरा मिनिटं लागतात. कुप्या जेवढ्या जास्त, तेवढी होडी जवळ.

कीर्तन आटोपून बुक्का लावलेली माणसं घरी जातात, तरी देवळाच्या पायरीवर तासभर तो वास राहतो ना? तसंच. होडी जाते, नंबर पाण्यात दरवळत राहतो.

आणि खरं सांगू? हे आम्हीच मागून घेतलं. रात्रीचे मोठे दिवे लावून बाहेरचे ट्रॉलर आमच्या दारातली मासळी खरवडून न्यायचे आणि नंबरावर गोणपाट टाकायचे. त्याविरुद्ध सुरळबंदराच्या धक्क्यावर चार दिवस बसलो होतो. अर्जावर माझी सही तिसरी. पहिली माझ्या दादाची, दिगंबर डोर्लेकरची.

दादाची होडी म्हणजे मुक्ताई. २१७७ तिचा. आमच्या बाबांना कीर्तनाचं वेड, म्हणून घरातल्या होड्यांना संतिणींची नावं. अडीच वर्षांपूर्वी भाद्रपदात खूणरंग सक्तीचा झाला, तेव्हा सुगंधावहिनीनं स्वतः ब्रश घेऊन मुक्ताईला दोन हात दिले. त्यानंतर बरोबर विसाव्या दिवशी दादा दुपारी एकटाच जाळं उचलायला गेला. तीन तासांचं काम. वारा फिरला. दादाही आला नाही, मुक्ताईही आली नाही. हेलिकॉप्टर फिरलं, आम्ही सगळे फिरलो. नवव्या दिवशी खाडीच्या तोंडाशी एक फळी लागली, सागाची, खाली खूणरंगाचा पट्टा असलेली. एवढंच.

आमच्यात पद्धत आहे. जुनी होडी गेली तर तिची एक तरी फळी नव्या होडीत बसवायची, नाळेजवळ, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, जिथे पूजा होते. होडी मरत नाही, पुढच्या होडीत जाते, अशी आमची समजूत. पुढल्या नारळी पौर्णिमेला जनाई पाण्यात उतरली ती मुक्ताईची फळी घेऊनच. रंग खरवडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. वहिनीचा हात फिरलेला रंग, त्याला खरवडणार कोण?

तेव्हापासून माझी होडी पाण्यात दोन नंबर सोडते.

*

"फळी काढून टाका म्हणतात," मी घरी येऊन सांगितलं.

वहिनी अंगणात सुकट पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"कोण म्हणतात?"

"नियम म्हणतो. जुन्या होडीचं लाकूड वापरलं तर सूट आहे, पण जुनीचा नंबर आधी रद्द झालेला पाहिजे. मुक्ताईचा झालेला नाही."

"मग करा म्हणावं रद्द."

"वहिनी, तो अर्ज तुझ्याकडे पडलाय. वारस म्हणून सही तुझी."

"आणि त्यातली ती चौकट?"

ती चौकट आम्हाला दोघांनाही पाठ होती. 'नौकेचं सध्याचं ठिकाण.' सक्तीची. भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. आम्ही कागदावर 'समुद्रात' लिहिलं, खात्यातल्या संगणकानं लाल केलं. 'माहीत नाही' लिहिलं, लाल. 'देवाला ठाऊक' असं मी रागानं लिहिलं, तेही लाल. त्याला अक्षांश-रेखांश हवे होते. खात्यात तीन खेपा घातल्या. एका टेबलावर म्हणाले, ठिकाण आणा. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, ठिकाण शोधणं आमचं काम नाही. तिसऱ्या टेबलावरचे जेवायला गेले होते.

वहिनीला मात्र त्या लाल चौकटीचा राग कधी आला नाही. ती म्हणायची, "बघा भावोजी, संगणकालासुद्धा पटत नाही."

अडीच वर्षं ती ह्याच वाक्यावर उभी होती. कपाळाला कुंकू तसंच, ताट वाढताना दादाचा पाट मांडलेला तसाच. दर शुक्रवारी ती धक्क्यावर येऊन जनाईच्या नाळेजवळच्या फळीला हळदकुंकू लावायची. बायका काय बोलतात ते तिच्या कानावर येत होतंच.

"सोमवारी नंबर गेला तर होडी अंगणात येईल," मी म्हणालो. "मग हळदकुंकू लावत बस तिला इथेच."

बोलून गेलो आणि जीभ चावली. सूप थांबलं.

"फळी काढायची असेल तर काढा. होडी तुमची आहे," ती म्हणाली. "पण करवत मला दाखवू नका. आणि आज देवळात जायचंय ना? गंध लावा, तसेच निघालात."

माघाचा सप्ताह सुरू होता. त्या संध्याकाळी माझी झांज दोनदा चुकली. बुवांनी मागे वळून पाहिलं. पूर्वी माझ्या शेजारी दुसऱ्या झांजेवर दादा असायचा. तो गजराला नेहमी एक मात्रा आधी उठायचा. बुवा हसून म्हणायचे, दिगंबरपंत, विठ्ठल पळून जात नाही हो! आता सगळे वेळेवर उठतात. मला ते अजून सहन होत नाही.

*

शुक्रवारी खात्यात गेलो. जमिनीवर लोखंडे साहेबांच्या चेहऱ्याला रंग होता.

"काका, खुलाशात लिहा की फळी काढतो."

"काढत नाही."

"मग रद्द केल्याचा दाखला आणा."

"ठिकाणाशिवाय दाखला मिळत नाही."

"मग ठिकाण..." ते थांबले. त्यांच्याही लक्षात आलं की आपण गोल फिरतोय. पेन खाली ठेवून त्यांनी डोकं खाजवलं. "दुसरी ताकीद तर भारी आहे बघा. जुलैमधली. बंदीच्या काळात मासेमारी."

"जुलैमध्ये?" माझा आवाज चढला. "जुलैमध्ये जनाई माझ्या अंगणात नारळाच्या झापांखाली झाकलेली होती! सगळ्या सुरळबंदराच्या होड्या वर ओढलेल्या असतात. तेव्हाही मी हेच ओरडत होतो. तुमच्या त्या साहेबांनी सांगितलं, यंत्र खोटं बोलत नाही."

"५०९३ नव्हता सापडला तेव्हा," पडद्यावर बोट सरकवत ते म्हणाले. "फक्त २१७७ होता. जोडी तुमच्याशी लागलेली आहे म्हणून ताकीद तुम्हाला."

"कुठे सापडला?"

"कासवखडपाच्या दक्षिणेला."

कासवखडपाकडे आमच्यापैकी कुणीच जात नाही. पाण्यातून डोकं काढलेला खडक, खालचा तळ सगळा धारदार, जाळं गेलं की चिंध्या होऊन येतं. जनाईचं तोंडसुद्धा मी कधी तिकडे केलेलं नाही.

"साहेब, २१७७ आजवर जिथे जिथे सापडला ती सगळी यादी द्या."

यादी देण्यात त्यांना अडचण नव्हती. मागायला आजवर कुणी आलंच नव्हतं. दोन पानं निघाली. मी तिथेच बाकावर बसून एकेक तारीख वाचली. निम्म्या ओळी ओळखीच्या होत्या. मी जाळं टाकतो त्या जागा, पाण्यात ५०९३ बरोबर. उरलेल्या सगळ्या कासवखडपाच्या दक्षिणेला, दोनशे हातांच्या वर्तुळात. तिथे २१७७ एकटाच. पहिली ओळ अडीच वर्षांपूर्वीची, दादा गेल्यानंतर बाराव्या दिवसाची. जनाईचं लाकूड तेव्हा रानात उभं होतं.

आणि त्या प्रत्येक ओळीपुढे, जनाईची नोंद होईपर्यंत, एकच शेरा होता. 'नौका कार्यरत.'

मी उठलो.

"बाराव्या दिवशी! आम्ही उत्तरेला खाडीपर्यंत, पश्चिमेला तीस मैल शोधत होतो. फळी उत्तरेला लागली म्हणून सगळे उत्तरेला. आणि तुमच्या नळीनं बाराव्या दिवशी वाचलं होतं, इथे आहे म्हणून. देवळाच्या पायरीवरून दिसतो तो खडप! कार्यरत? कोण काम करत होतं तिथे? सांगा ना, कोण?"

शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. लोखंडे साहेबांनी यादी हातात घेतली.

"नंबर रद्द नव्हता ना काका. चालू नंबर पाण्यात सापडला की यंत्र समजतं, सगळं ठीक. ते फक्त चुका वर पाठवतं. ठीक असलेलं कुणी वाचत नाही." मग हळू आवाजात म्हणाले, "माझेही वडील विहिरीच्या कामावर गेले ते परत आलेच नाहीत. तीन दिवस शोधत होतो. कुणाला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं असं मला कळलं असतं तर मीसुद्धा असाच ओरडलो असतो."

माझा राग त्यानं संपला नाही. पण कुणावर टाकावा ते कळेना, आणि असा राग फार जड असतो. आमचे बुवा सांगतात, राग आला तर देवाशी भांड, तो ऐकून घेतो. घरी जाताना वाटभर मी पांडुरंगाशी भांडलो. दादा त्या दिवशी खडपाच्या आतून का आला असेल ते मला कळलं होतं. ती वाट जवळची. संध्याकाळी देवळात कीर्तन होतं, आणि सकाळी मीच त्याला म्हणालो होतो, आज वेळेवर ये.

*

वहिनीला सांगितलं तेव्हा ती देवापुढे वात लावत होती. मी यादी तिच्यासमोर ठेवली, कुठली ओळ काय ते दाखवलं. फार शब्द वापरले नाहीत. तिनं दोन्ही पानं वाचली, 'नौका कार्यरत' ह्या शब्दांवरून बोट फिरवलं.

"किती पाणी आहे तिथे?"

"चौदा वाव. ऐंशीएक फूट."

"इतक्या जवळ?" ती म्हणाली. "मी रोज त्या पायरीवर बसून लांब बघत होते हो भावोजी. लांब."

मी म्हणालो, "सही करायलाच पाहिजे असं नाही. फळी काढतो मी. गावाला गेलीस की काढतो, तुला करवतीचा आवाज यायचा नाही. अर्ज राहू दे लाल."

हे म्हणताना मला काय वाटत होतं ते मी लपवत नाही. होडी हवी होती. पण वहिनीचं ते एक वाक्य मोडून मिळालेली होडी कशी चालवायची, हेही कळत नव्हतं.

"यंत्र चुकतं," ती एकदम म्हणाली. "जुलैत चुकलंच की."

"जुलैत ते चुकलं नव्हतं, वहिनी."

तिनं वातीची काजळी झटकली. "मला तिथे न्या."

*

जनाईला साखळी होती. म्हणून शनिवारी सकाळी लोखंडे साहेबांनी गस्तीच्या फेरीत आम्हाला घेतलं. हे नियमात बसत होतं की नाही ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वहिनीनं जरीकाठाचं लुगडं नेसलं होतं आणि पदरात तो अर्ज गुंडाळून घेतला होता. तिनं साहेबांच्या हातावर आवळ्याची सुपारी ठेवली. "तोंडात धरा. आणि पाण्याकडे नको, किनाऱ्याकडे बघा. डोलणं कमी लागेल."

"व्हय काकू," साहेब निमूट म्हणाले.

कासवखडपाच्या दक्षिणेला इंजिन बंद केलं. पाणी हिरवं, संथ. मागे किनाऱ्यावर देवळाचा कळस, त्याखाली पायऱ्या, एकेक मोजता येईल अशा. साहेबांनी नळी सोडली. पडद्यावर आकडा उलटा धावू लागला. अकरा मिनिटं.

आजूबाजूला दुसरी होडी नव्हती. यंत्राची घरघर सोडली तर आवाज नव्हता. चारएक मिनिटांनी वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "झांज आणलीत?"

माझ्या पिशवीत ती असतेच. मी काढली. गजर धरायचा म्हणून श्वास घेतला, आणि माझ्या आधी, पुरती एक मात्रा आधी, वहिनी उठली. "विठ्ठल विठ्ठल." दादासारखीच. तिला तो नेमका कुठे उठायचा ते पाठ होतं. मी तिला गाठायला गेलो नाही. झांज तिच्यामागे लावली. तिचा आवाज मध्ये फुटला, तिनं तो पुन्हा उचलला. लोखंडे साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि किनाऱ्याकडे बघत हळूच टाळी धरली.

यंत्रानं टिंग केलं. गजर थांबला.

पडद्यावर एकच नंबर होता, २१७७. त्याखाली कुप्यांचा आकडा, खूप मोठा. आणि त्याखाली यंत्रानं आपणहून अक्षांश-रेखांश लिहिले होते, दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत.

वहिनीनं पडद्यावरच्या आकड्याला हात लावला. "दोन हात दिले होते मी," ती साहेबांना म्हणाली. "एकच द्या म्हणत होते हे. म्हटलं, रंग टिकायला हवा."

साहेबांनी पडद्यावर अर्ज उघडला. मुक्ताई, २१७७, वारसाचं नाव, सगळं आधीच भरलेलं होतं. फक्त ती एक चौकट लाल होती. त्यांनी आकडे तिथे टाकले आणि पडदा तिच्यापुढे धरून थांबले.

मी म्हणालो, "वहिनी, घाई नाही."

"अडीच वर्षांत कुणी केली घाई?" ती म्हणाली आणि बोटानं सही केली. सुगंधा दिगंबर डोर्लेकर. दिगंबर लिहिताना बोट जरा रेंगाळलं.

काही क्षण पडदा तसाच राहिला. मग लाल चौकट हिरवी झाली. 'ठिकाण मान्य.'

वहिनी त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. नंतर पदरातला तो कागदी अर्ज तिनं उलगडला, घडीच्या रेषांवर फाटत आलेला, चौकटीत माझं 'देवाला ठाऊक' लिहिलेला. तो वाचून ओठांच्या कोपऱ्यात किंचित काही हललं. तिनं तो पुन्हा नीट घडी करून पदरात ठेवला.

"पटलं त्याला," ती म्हणाली.

पाणी नळीतून परत समुद्रात सांडत होतं. तिनं त्याखाली ओंजळ धरली, ती भरली तशी कपाळाशी नेली आणि पाणी खाली सोडून दिलं.

मग डोळे पुसून साहेबांकडे वळली. "आता आधी ती साखळी काढायची. सोमवार नको, आजच. उद्या पहाटे भरती आहे, भावोजींचं जाळं तीन दिवस कोरडं पडलंय."